फळीखालून जाणारं बोट

त्या बागेत काम करणाऱ्यांना एकमेकांची खरी नावं ठाऊक नव्हती असं नाही, पण ती वापरायला सवड कुणाला होती? लाकडी घोड्यांचं चक्र फिरवणारा तो घोडेवाला, आरशांच्या खोलीच्या दाराशी बसणारी ती आरसेवाली, आणि डोंगरगाडीच्या फाटकावरच्या त्या फळीबाई. अडतीस वर्षं फळीबाई त्या फाटकाशी उंच स्टुलावर बसल्या. येईल त्या पोराला त्यांनी फळीखाली उभं केलं आणि एक तर आत सोडलं, नाही तर परत पाठवलं. एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. कुणीतरी आठवडाभर करून दाखवावं.

डोंगरगाडी म्हणजे त्या बागेचा मान. जाड लाकडी वाशांवर उभारलेले चढउतार आणि त्यावरून पळणारे आठ छोटे डबे. साखळीला अडकून खडखडत वर चढायचे, माथ्यावर क्षणभर थबकायचे आणि मग जे सुटायचे ते पोटात गोळा आणूनच थांबायचे. बसणाऱ्याच्या मांडीवर एक लोखंडी दांडा यायचा. पोर लहानखुरं असलं तर या दांड्याखालून सटकू शकतं. फळीबाई नोकरीला लागल्या त्याच्या आदल्या वर्षी एक मुलगा तसा सटकलाच होता. खांद्याचं हाड मोडलं, जीव वाचला. तेव्हा मालकांनी फाटकाशी एक खांब रोवला, खांबाला बरोबर चार फुटांवर आडवी फळी ठोकली, आणि पोरांचे पाय मातीत बरबटू नयेत म्हणून फळीखाली एक चौकोनी दगडी लादी बसवली. फळीला डोकं टेकलं तर आत, नाही तर बाहेर.

पण खांब काही बोलत नाही, आणि रडणाऱ्या पोरापुढे आणि भांडणाऱ्या बापापुढे तर नाहीच नाही. त्यासाठी माणूस हवं होतं.

फळीबाई तेव्हा पंचविशीच्या होत्या आणि एका शिंप्याच्या दुकानात मापं घ्यायच्या. नवरा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. पदरात तीन वर्षांची मुलगी. एकदा बागेचे मालक कोट शिवायला आले. टेप सापडेना. फळीबाईंनी त्यांना नुसतं खालीवर पाहिलं आणि छाती, कंबर, बाही सांगून टाकली. टेप सापडल्यावर मालकांनी हट्टाने मोजून घेतलं. तिन्ही आकडे बरोबर निघाले. "माझ्याकडे याल का?" मालकांनी विचारलं. "मापच घ्यायचंय. पण नाही म्हणता आलं पाहिजे."

ते त्यांना उत्तम यायचं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. बूट काढायचे. तळहाताने केस चापून बसवायचे. मग डोकं आणि फळी यांच्यामधून आपलं तर्जनीचं बोट घालून बघायचं. बोट अडकलं तर आत. बोट गेलं तर घरी. टोपीत रुमालाची घडी, मोज्यांत कापूस, डोक्यावर उंच अंबाडा, हे सगळे प्रकार त्यांनी पहिल्या महिन्यातच पाहून संपवले. अंबाड्यावर त्या हलकेच टिचकी मारायच्या आणि आईला म्हणायच्या, "हा सोडा, मग मोजू. अंबाडा काय एकटा बसणार आहे गाडीत?" एका बापाने डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती, पोरगा लवकरच वाढेल म्हणून. "वाढला की आणा," फळीबाई म्हणाल्या. खुद्द मालकांच्या नातवाला त्यांनी परत पाठवलं तेव्हा मालक चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी स्टुलावर घालायला गादी करून पाठवली.

अडतीस वर्षांत त्या गाडीतून एकही पोर पडलं नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता. पण अभिमान एका जागी बसत नाही, पसरतो. पडलं एकही नाही, इथून सुरू झालेला तो हळूहळू माझं माप चुकत नाही इथवर आला, आणि तिथून घरात शिरला. भाजीत मीठ किती, मुलगी खरं किती बोलते, शेजारीण किती दिवस टिकेल, सगळं त्या एका नजरेत सांगायच्या. बहुतेक वेळा बरोबर यायचं, हीच खरी अडचण.

मुलगी आठ वर्षांची असताना तिची शाळा सहलीला या बागेत आली. फळीबाईंना नोकरीला लागून तेव्हा पाच वर्षं झाली होती. मुलीने आधी आठ दिवस वर्गात सांगून ठेवलं होतं, डोंगरगाडी माझ्या आईची आहे, आम्ही सगळ्यांत पुढच्या डब्यात बसणार. मैत्रिणींची रांग लागली. एकेक जण फळीखालून आत गेली. मुलीची पाळी आली. फळीबाईंनी तिचे केस चापले, बोट घातलं, आणि बोट गेलं. आरामात नाही, पण थोडी फट ठेवून गेलं.

"आई, मी भरते चार फूट," मुलगी म्हणाली. "काल घरी मोजलंय. दाराला खूण केलीय."

"खोटं बोलू नकोस. टाचा उचलल्या असशील. हो बाजूला, मागे रांग आहे."

त्यांनी हे ज्या आवाजात इतर पोरांना सांगायच्या त्याच आवाजात सांगितलं. आपलं आणि परकं केलं नाही, याचं त्यांना उलट समाधानच वाटलं. मुलगी बाजूला झाली. मैत्रिणी खाली येईपर्यंत सगळ्यांची दप्तरं तिने सांभाळली. शाळेत पुढचं वर्षभर तिला टाचा म्हणून हाक मारत होते, हे फळीबाईंना फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून.

ती पुन्हा कधी त्या बागेत आली नाही. भांडली नाही, रुसली नाही. मोठी झाली, औषधांच्या दुकानात नोकरी धरली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली, दर आठवड्याला फोन करायची. फक्त बोलताना फळीबाईंनी कशावर निकाल दिला की ती म्हणायची, "हं. तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल." त्या वाक्याचा अर्थ फळीबाईंना कळत होता. कळत नसल्यासारखं करायला त्यांना छत्तीस वर्षं पुरली.

फळीबाई निवृत्त झाल्या त्याला तीन वर्षं होत आली होती. गुडघ्यांनी स्टुलावर चढायला नकार दिला, म्हणून. यंदा सुट्टीत मुलगी, जावई आणि साडेसात वर्षांची नात राहायला आली. बागेचा बेत नातीचा आणि जावयाचा. जावई पडदे बसवण्याच्या धंद्यातला. खिशात सदा स्टीलचा टेप, आणि बोलणं त्या टेपसारखंच, एकदा बाहेर निघालं की सरसर लांबत जाणारं. त्याला जुनी गोष्ट माहीत नव्हती. असती तर त्याने तीही सगळ्यांना सांगितली असती.

"आई, तुम्ही अडतीस वर्षं तिथे काढलीत आणि आम्ही एकदाही बघितलं नाही, हे काही बरोबर नाही," तो म्हणाला. "हल्ली लांबलांबून लोक येतात म्हणे. जुन्या जमान्याची बाग म्हणून."

"जुन्या जमान्याची कसली? दुरुस्तीला कुणी हात लावला नाही म्हणून तशी दिसते."

मुलगी चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही. "जाऊ या की," एवढंच म्हणाली.

आणि निघायच्या आधी तिने नातीला फ्रिजला पाठ लावून उभं केलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "मोज." जावयाने मोजलं. चार फूट आणि वर दोन रेघा. फळीबाई पलीकडे चपला शोधत होत्या. त्यांना सगळं ऐकू आलं, आणि आज काय होणार आहे हेही त्याच वेळी कळलं.

बाग होती तशीच होती. घोड्यांवर रंगाचे इतके थर चढले होते की त्यांचे डोळे बारीक झाले होते, सगळे घोडे झोपेतून उठल्यासारखे दिसत होते. घोडेवाल्याने नातीला काळा घोडा दिला, कारण तो वरखाली सगळ्यांत जास्त होतो. आरशांच्या खोलीत जावई बुटका ढब्बू दिसला आणि त्याने त्याच आरशापुढे दहा मिनिटं काढली. झुकझुकगाडी अर्ध्या वाटेत बंद पडली, ती नेहमीच पडायची, आणि सगळ्यांनी उतरून धक्का दिला. नवी माणसं यातच खूश होती, फोटो काढत होती. फळीबाईंना ओळखीचं कुणी ना कुणी भेटत होतं. त्या हसत होत्या, चौकशा करत होत्या, आणि सारखं त्यांचं लक्ष मुलीकडे जात होतं. मुलगी सगळ्यांच्या पिशव्या घेऊन दोन पावलं मागून चालत होती.

"दे एखादी माझ्याकडे," फळीबाई म्हणाल्या.

"राहू दे. सवय आहे मला."

अकराच्या सुमाराला नात म्हणाली, "आता डोंगरगाडी."

फाटकावर आता चिमणी बसत होती. आवाज बारीक म्हणून चिमणी. तशी चाळिशीची, दोन लेकरांची आई. तिला फळीबाईंनीच तयार केलं होतं. बूट, तळहात, बोट, सगळं तसंच.

"बाई, तुम्ही? आणि रांगेत?"

"मग काय लोकांच्या डोक्यावरून येऊ? कर तुझं काम."

नातीने बूट काढले आणि फळीखाली ताठ उभी राहिली. चिमणीने केस चापले. बोट घातलं. बोट अडलं, जरासं वळलं आणि गेलं.

चिमणीने फळीबाईंकडे पाहिलं आणि आवाज आणखी बारीक केला. "नखभर कमी आहे बाई. जाऊ दे ना. तुमची नात आहे."

"नात आहे म्हणून उंच होते का ती?"

"पण मी आहे चार फूट," नात म्हणाली. "बाबांनी मोजलंय. दोन रेघा जास्त आहे मी."

"घरची मापं अशीच असतात, बाळा," फळीबाई म्हणाल्या. सवयीने त्यांचं तोंड पुढे चालू राहिलं. "घरी मोजताना माणूस टाचा…"

त्या थांबल्या. पण उशीर झाला होता.

"बोल ना," मुलगी मागून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पुढचं पण बोल. मला पाठ आहे."

जावई मध्ये पडला. "अहो आई, टाचा मी स्वतः बघितल्या, जमिनीला टेकलेल्या होत्या. पडद्याचं माप घेणारा माणूस आहे मी. एक सूत इकडचं तिकडे झालं तर गिऱ्हाईक तोच पडदा माझ्या गळ्यात बांधतं."

"इथे पडदे नाहीत," फळीबाई म्हणाल्या. "चल बाळा. पुढच्या वर्षी."

त्यांनी नातीचा हात धरला आणि सगळे रांगेतून बाहेर आले. मुलीने हातातल्या पिशव्या बाकावर ठेवल्या, नीट, एकेक करून, आणि पाठ फिरवून उभी राहिली. ती पाठ फळीबाईंनी एकदा पाहिलेली होती. आता ही मुलगी उद्या हसून जाईल, फोन करत राहील, तू म्हणतेस म्हणजे तसंच असेल म्हणत राहील, आणि आपण मरेपर्यंत यापलीकडे काही होणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसलं. पण नखभर कमी भरलेलं पोर दांड्याखाली घालायचं? तेही त्यांच्याने होणार नव्हतं. दोन्ही बाजूंनी कोंडी.

"आजी, माझे मोजे भिजलेत," नात म्हणाली.

"कशाने?"

"तिथे पाणी आहे. मी उभी होते तिथे."

फळीबाईंनी तिला बाकावर बसवलं आणि मोजे काढले. तळवे चिंब होते. बाकी मोजा कोरडा. फाटकापुढची जागा रोज सकाळी आठला पाइपने धुतात, हे त्यांच्यापेक्षा कुणाला जास्त माहीत? आज ऊन कडक होतं. नऊ वाजेपर्यंत सगळं सुकायला हवं होतं, आणि सुकलेलं होतंही. मग पाणी तिथेच का?

मोजे पिळता पिळता त्यांचा हात थांबला.

त्या उठल्या आणि रांगेच्या कडेने पुन्हा फाटकाशी गेल्या. चिमणीला म्हणाल्या, "जरा थांब." आणि गुडघ्यांना शिव्या देत लादीपाशी खाली बसल्या. अडतीस वर्षांत त्या लादीपाशी त्या कधी बसल्या नव्हत्या. स्टुलावरून त्यांना दिसायचं ते डोकं आणि फळी. पायांकडे बघायच्या त्या बूट काढलेत का आणि टाचा टेकल्यात का, एवढ्यापुरतं. लादी कुणी बघावी?

लादीवर मधोमध, पोराची पावलं मावतील एवढ्या जागेत, पाणी साचलं होतं. त्यांनी तळहाताने ते बाजूला केलं. दगड गुळगुळीत होता आणि हात उतरत गेला, जसा जुन्या वरवंट्याखालच्या पाट्यावर उतरतो. पोरं फळीखाली स्थिर कुठे उभी राहतात? चुळबुळतात, वळतात, पाय घासतात. बेचाळीस वर्षं घासत होती.

"ती रांग अडवायची काठी दे."

चिमणीने काठी दिली. फळीबाईंनी ती लादीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी ठेवली आणि काठीखाली करंगळी घातली. करंगळी गेली. अडली नाही, घासली नाही, आरामात गेली.

खांब जागचा हलला नव्हता. फळीही नाही. खालची जमीनच उतरली होती. चार फुटांचं पोर तिथे उभं राहिलं की करंगळीभर बुटकं व्हायचं. आजचंच नाही. कधीपासून, ते सांगता येणार नव्हतं. दगड काही एका दिवसात खचत नाही, आणि खचताना सांगतही नाही. त्यांना एक निळ्या फ्रॉकातली मुलगी आठवली, लागोपाठ तीन रविवार येऊन परत गेलेली. तिसऱ्या रविवारी तिने आपणहून बूट हातात घेतले होते. एक तोतरा मुलगा आठवला, त्याचे वडील म्हणत होते की आम्ही आता हे गाव सोडून चाललोय, पुन्हा येणं होणार नाही. "नियम म्हणजे नियम," असं त्यांना सांगितलं होतं. ही शेवटच्या काही वर्षांतली पोरं. अशी किती असतील? फळीबाईंनी आकडा काढायचा प्रयत्न केला आणि पहिल्यांदाच त्यांना तो काढवेना.

कुणी काही पाहिलं नव्हतं. चिमणीलाही बाई खाली बसून काय चाचपतायत ते नीट उमगलं नव्हतं. उठावं, गुडघा धरला म्हणावं, संध्याकाळी कचेरीत जाऊन हळूच लादी बदलायला सांगावी. नातीला सोड म्हटलं तर चिमणी आनंदाने सोडेल, मुलीला वाटेल आई नरमली. सगळं सुरळीत होईल. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि पुरता आला. येत नाही म्हणणारे खोटं बोलतात.

"इकडे ये," त्यांनी मुलीला हाक मारली. "आणि तुम्ही पण या. तो टेप घेऊन."

मुलगी आली. जावयाने टेप काढला, फळीच्या खालच्या कडेला लावला आणि लादीच्या खळग्यात सोडला. डोळे बारीक केले. पुन्हा मोजलं.

"चार फूट अर्धा इंच," तो म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यात प्रथमच पुढे काही बोलला नाही.

"ऐकलंस?" फळीबाई खालूनच चिमणीला म्हणाल्या, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "माप चुकतंय. लादी झिजलीय. मी बसत होते तेव्हापासून झिजलीय आणि मी कधी खाली बघितलं नाही. गाडी थांबव. घोडेवाल्याला बोलाव, पहार घेऊन ये म्हणावं."

रांग कुरकुरली. कुणीतरी म्हणालं, आजीबाई घरी बसा. फळीबाईंनी त्याच्याकडे जुन्या नजरेने पाहिलं आणि तो गप्प झाला.

घोडेवाला आला, जावयाने बाह्या सरसावल्या. पहारीने लादी उचकटली, कडेवर उभी केली, खालची ओली माती आणि मुंग्या झाडल्या, आणि ती उलटी करून पुन्हा बसवली. खालची बाजू कोरी होती, टाकीचे घाव अजून दिसत होते. काठी आडवी ठेवली तर खाली कागदही जाईना. मग जावयाने टेप लावला. चार फूट.

"आता हिला उभी कर," फळीबाई म्हणाल्या. "बोट तूच घाल. मी नाही."

चिमणीने बोट घातलं. बोट अडकलं.

नात इतकी ओरडली की वरच्या माथ्यावरची कबुतरं उडाली. जावई तिच्याबरोबर बसायला निघाला. "तू जातेस?" त्याने बायकोला विचारलं.

"मी? नको. मला गरगरतं," मुलगी म्हणाली.

"आधी नाही का सांगायचं? मला पण गरगरतं."

"मग जा, दोघांत एकाला तरी गरगरू दे."

ते आत गेले. फळीबाई बाकावर टेकल्या. पण बसून राहणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी चिमणीकडून भोंग्याचा माइक मागवला आणि बागभर ऐकू जाईल असं सांगितलं, की आज सकाळपासून डोंगरगाडीवरून ज्या मुलांना परत पाठवलं त्यांनी पुन्हा फाटकावर यावं, चूक आमची होती. चिमणीच्या म्हणण्याप्रमाणे सकाळपासून पाच जण परत गेले होते. तीन आले. दोघांची डोकी फळीला टेकली. तिसरा उलट्या लादीवरही दोन बोटं कमीच भरला, आणि त्याला पुन्हा एकदा नाही म्हणावं लागलं. उरलेले दोघं बहुधा घरी गेले असावेत. आधीच्या सगळ्या वर्षांतल्यांना बोलवायला भोंगा नव्हता.

मुलगी शेजारी येऊन बसली. गाडीचे डबे साखळीवर खडखडत चढत होते.

"सहा वर्षं झाली होती ती लादी बसवून," फळीबाई म्हणाल्या. "तुझी सहल आली तेव्हा."

मुलगी वर चढणाऱ्या डब्यांकडे बघत होती.

"बेचाळीस वर्षांत करंगळीभर, तर सहा वर्षांत किती? मी केला हिशेब. फार नाही. रुपयाच्या नाण्याएवढी जाडी. तेवढ्याने माझं बोट अडलं नसतं. लादीवर ढकलून मोकळं होता आलं असतं मला, पण ते खरं नाही."

"मग कशाला सांगतेस?"

"कारण तेव्हा मला जेवढी खात्री होती तेवढीच आज सकाळी पण होती. तितकीच, रतीभर कमी नाही. आणि आज मी चुकले. तुला खोटारडी म्हणाले तेव्हा माझं माप चुकू शकतं हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. तू दाराला केलेली खूण मी घरी जाऊन बघितली पण नाही. चार दिवसांनी तुझ्या बाबांनी दाराला रंग दिला."

गाडी माथ्यावर थबकली. जावयाचा हात दांड्याला घट्ट धरलेला खालून दिसत होता. मग डबे सुटले आणि त्याचा आवाज नातीच्या आवाजापेक्षा मोठा आला.

मुलगी हसली. हसता हसता डोळे पुसले आणि समोर बघत म्हणाली, "उचलल्या होत्या."

"काय?"

"टाचा. घरी मोजताना. थोड्या उचलल्या होत्या मी."

फळीबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"छत्तीस वर्षं मनात म्हणत आले, नव्हत्या उचलल्या. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. तू विश्वास ठेवत नव्हतीस ना, मग मला कबूल करायची सोयच नव्हती."

"थोड्या म्हणजे किती?" फळीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मुलीने अंगठा आणि तर्जनी यांच्यात जागा करून दाखवली. फळीबाईंनी त्या जागेकडे पाहिलं, आणि जन्माची सवय, आकडा डोक्यात तयार होऊ लागला. तो त्यांनी पुरा होऊ दिला नाही. मुलीची बोटं त्यांनी आपल्या हातात घेऊन मिटवली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "उचलल्या असतील, नसतील. सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं मी."

"नकोच होतं," मुलगी म्हणाली.

तिने हात सोडवला नाही. फाटकातून नात उड्या मारत बाहेर आली, आणि तिच्या मागून जावई, एका हाताने खांब धरत, दुसऱ्याने पाणी मागत.